मळा, कुंपण आणि कोंबडी

आमच्या वसईच्या वाडीला दोन कुंपणे होती. बाहेरचे शेराचे, ते गुरांसाठी. आतले बांबूच्या कामट्यांचे, जेमतेम छातीइतके उंच. ते केवळ कोंबड्यांसाठी. आतल्या कुंपणाच्या एका अंगाला भाजीचे वाफे आणि दुसऱ्या अंगाला केळी, विहीर, उकिरडा व खुराडे अशी मांडणी होती. बाहेरचे कुंपण मोडले तर वडील सवडीने गडी लावीत; आतल्या कुंपणाची एक कामटी सरकली तर आजी हातातले काम टाकून उठत असे.

१९६८ सालच्या पावसाळ्यानंतर, मुळा आणि मेथी नुकतीच उगवून वर आली असताना, शेजारच्या चुलत काकांची एक कोंबडी पिलांसह त्या कुंपणातून आत शिरली. तासाभरात तिने दोन वाफे उकरून टाकले. आमच्या वडिलांनी रागाच्या भरात दगड भिरकावला आणि तो नेमका लागला. कोंबडी मेली. पिले नऊ होती. त्या दिवसापासून दोन्ही घरांतील पुरुषांचे बोलणे बंद झाले आणि ते पुढे सात वर्षे बंद राहिले. विहिरीच्या पाण्याची पाळी, केळीच्या घडांची गाडी, चर्चच्या सणाची वर्गणी, सारे व्यवहार तिसऱ्याच्या तोंडून होऊ लागले. आम्ही मुले कुंपणाच्या दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे पाहत असू.

पुढे इतिहासाच्या वाचनात कोंबडी पुन्हा पुन्हा भेटू लागली आणि लक्षात आले की, आमच्या घरी जो तंटा झाला तो काही आमच्याच घरचा नव्हता. कोंबडी आणि बाग एकत्र नांदतात की नाही, आणि नांदत असतील तर कोणत्या अटींवर, हा प्रश्न फार जुना आहे. तो रोमन जमीनदारांना पडला होता, यरुशलेमच्या धर्मपंडितांना पडला होता आणि मठांतील संन्याशांनाही पडला होता. इतिहासग्रंथांत राजांची वंशावळ असते, खुराड्याची नसते. म्हणून हा प्रपंच.

प्रथम कोंबडी माणसाकडे आली कशी, ते पाहू. माणसाने तिला रानातून धरून आणले, असे आपण सहज मानतो. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने वेगळेच चित्र पुढे मांडले. निःसंशय पाळीव म्हणता येतील अशा कोंबड्यांची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधील बान नोन वाट या स्थळी सापडली असून त्यांचा काळ इ.स.पू. १६५० ते १२५० यांच्या दरम्यानचा आहे. त्या भागात भात आणि बाजरीसारखी तृणधान्ये पिकू लागली, तेव्हा सांडलेल्या दाण्यांच्या ओढीने रानकोंबडे झाडीतून शेताच्या कडेला आले आणि तेथून वस्तीत शिरले, असे त्या संशोधकांचे अनुमान आहे. युरोपात त्या पोहोचल्या त्या इ.स.पू. ८०० च्या सुमारास. तात्पर्य, कोंबडी आपल्याकडे आली ती शेत उकरायलाच. तिला आपण वाफ्यात चोर म्हणतो. पण त्या उकरण्यावाचून तिची आणि आपली ओळखच झाली नसती.

हे उकरणे कसे असते, हे ज्यांनी केवळ बाजारात कोंबडी पाहिली त्यांना ठाऊक नसणार. ती दोन्ही पायांनी आळीपाळीने माती मागे फेकते, एक पाऊल मागे सरते आणि खाली पाहते. मातीत हुमणी, वाळवी, गोगलगाय, किड्यांची अंडी जे असेल ते टिपते. वाढलेल्या झाडाला यात अपाय नाही; उलट मुळाशी दडलेली कीड आयती निघते. परंतु दोन पानांचे रोप आणि गवताचा कोंब यांत ती भेद करीत नाही. शिवाय भिजवून भुसभुशीत केलेला वाफा तिला सर्वांत प्रिय, कारण तेथे उकरणे सोपे. म्हणजे माळी ज्या जागेवर अधिक कष्ट घेतो, नेमकी तीच जागा तिला आवडते. कोरड्या धुळीत लोळून अंगावरच्या उवा झाडण्याची तिची सवय आहे, आणि त्यासाठीही तिला नुकती खणलेली माती बरी वाटते. सगळी भांडणे येथून सुरू होतात.

यरुशलेममध्ये हा प्रश्न धर्माचा झाला. यहुदी धर्मपंडितांच्या परंपरेचा इ.स. २०० च्या सुमारास सिद्ध झालेला मिश्ना हा संग्रह सांगतो की, यरुशलेममध्ये कोंबड्या पाळू नयेत, कारण तेथे पवित्र अर्पणे असतात. कोंबडी उकिरड्यात चोच घालते आणि एखादा अशुद्ध तुकडा उकरून भलत्या जागी नेऊन टाकते, ही भीती. त्याच परंपरेतील तोसेफ्ता नावाच्या जोडग्रंथात या बंदीला एक सवलत दिलेली आढळते, आणि ती आम्हांला फार बोलकी वाटते: ज्याच्याकडे बाग असेल किंवा उकिरडा असेल, त्याने कोंबड्या पाळाव्यात. म्हणजे तिला उकरण्यास हक्काची जागा असेल तर ती पवित्र नगरीतही राहू शकते. बाग कोंबडीपासून राखावी असे आपण म्हणतो. येथे बाग हीच कोंबडीची जामीन ठरली आहे.

हा नियम प्रत्यक्षात किती पाळला जाई, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पेत्राने प्रभूला नाकारले त्या रात्री आरवलेला कोंबडा कोठला, असा प्रश्न या नियमामुळे काही टीकाकारांनी उपस्थित केला आहे. आम्हांला त्यात अडचण दिसत नाही. ज्या गावात कोंबडी पाळू नये असा नियम करावा लागतो, त्या गावात कोंबड्या असतातच. शिवाय यरुशलेमकडे पाहून प्रभू येशूने पिलांना पंखांखाली घेणाऱ्या कोंबडीची उपमा दिली, ती मत्तय आणि लूक या दोघांनीही नोंदवली आहे. ऐकणाऱ्यांनी ते दृश्य रोज पाहिलेले असल्याशिवाय अशी उपमा कोणी देत नाही.

रोमन लोकांची दृष्टी धर्माची नव्हती, हिशेबाची होती. पहिल्या शतकात स्पेनमधील गादेस, म्हणजे आजचे कादिझ, येथे जन्मलेल्या कोलुमेल्ला याने शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्यातला आठवा भाग कोंबड्या, कबुतरे, हंस, मासे अशा घराजवळच्या पालनाला दिला. खुराडे कोणत्या दिशेला असावे, ते स्वयंपाकघराजवळ असले तर तेथल्या धुराचा पक्ष्यांना कसा लाभ होतो, त्यांना लोळण्यासाठी कोरडी धूळ आणि राख कशी ठेवावी, हे सारे त्याने सांगितले आहे. ही धुळीची सूचना बारकाईने वाचावी. ज्या कोंबडीला आडोशाला राखेचा खड्डा मिळतो, ती धुळीसाठी वाफ्यात जात नाही. आमची आजी खुराड्यामागे चुलीची राख टाकीत असे आणि तीत कडुलिंबाचा वाळला पाला चुरडून मिसळीत असे. तिला कोलुमेल्ला ठाऊक असण्याचे कारण नव्हते.

कोलुमेल्लाने खतांचीही प्रतवारी लावली आहे. पक्ष्यांच्या विष्ठेत कबुतराची पहिली, कोंबडीची दुसरी. पाण्यात पोहणाऱ्या बदक-हंसांची मात्र त्याला मुळीच मान्य नाही. आजचे रसायनशास्त्र कोंबडीखताविषयी त्याच्याशी सहमत होईल. पक्ष्याचे मूत्र वेगळे पडत नाही, ते विष्ठेतच मिसळून येते. म्हणून त्या खतात नत्राचे प्रमाण शेणापेक्षा पुष्कळ अधिक असते. याच कारणाने ते ताजे घातले तर कोवळी मुळे जळतात. ते उकिरड्यात पाला, गवत, राख यांबरोबर काही महिने मुरावे लागते. कोंबडी आणि बाग यांच्यामध्ये उकिरडा हवा, तो यासाठी.

आता आम्ही मुख्य विषयाकडे वळतो. रोमन साम्राज्य लयाला गेल्यावर पश्चिम युरोपात शेतीची जी घडी बसली, तिच्यात कोंबडी सर्वत्र दिसते. इ.स. ८०० च्या सुमारास शार्लमेन राजाच्या जहागिरींच्या व्यवस्थेसाठी एक आज्ञापत्र निघाले. मुख्य जहागिरीच्या कोठारापाशी १०० कोंबड्या आणि ३० हंस यांहून कमी नसावेत, लहान ठिकाणी ५० कोंबड्या आणि १२ हंस असावेत, गिरण्यांपाशीही कोंबड्या ठेवाव्यात, असे त्यात आहे. त्याच आज्ञापत्राच्या शेवटी बागेत कोणकोणत्या वनस्पती लावाव्यात याची लांबलचक यादी आहे. राजाने कोंबड्या मोजाव्यात आणि शेपू-कोथिंबिरीची नावे लिहून घ्यावीत, याचे आज हसू येईल. पण सैन्य पोटावर चालते हे त्याला कळत होते. पॅरिसजवळील सेंट जर्मेन या मठाची त्याच शतकाच्या आरंभीची खातेवही उपलब्ध आहे. तीत कुळाकडून मठाला येणाऱ्या वार्षिक देण्यांत तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी ही नोंद इतक्या वेळा येते की, वाचणाऱ्याला ती पाठ व्हावी. धान्य आणि दारू नवरा मोजून देत असेल. त्या तीन कोंबड्या आणि पंधरा अंडी कोणाच्या हातची होती, हे खातेवहीत नाही. आम्हांला ते सांगण्यासाठी खातेवही लागत नाही.

याच काळातला एक कागद, खरे म्हणजे चामड्याचा पट, स्वित्झर्लंडमधील सांक्ट गालेन येथील मठाच्या ग्रंथालयात आजही जपून ठेवलेला आहे. चर्मपत्राचे पाच तुकडे एकत्र शिवून केलेला हा पट सुमारे ११२ सेंटिमीटर लांब आणि ७७ सेंटिमीटर रुंद आहे. त्यावर लाल रेघांनी एका संपूर्ण मठाचा आराखडा काढला आहे: चर्च, झोपण्याचे दालन, रुग्णालय, शाळा, भट्टी, तबेले, मिळून सुमारे चाळीस इमारती. कॉन्स्टन्स सरोवरातील रायखेनाऊ बेटावरच्या मठात इ.स. ८२० ते ८३० च्या सुमारास तो काढला गेला आणि सांक्ट गालेनचे मठाधिपती गोझबर्ट यांना पाठवला गेला. या आराखड्याबरहुकूम मठ कधी बांधला गेला नाही. आदर्श मठ कसा असावा, याचा तो विचार होता. (२०१३ सालापासून जर्मनीत मेसकिर्ख गावाजवळ काही हौशी व जाणकार मंडळी हा मठ त्या काळच्याच हत्यारांनी बांधीत आहेत, ते काम पुष्कळ पिढ्यांना पुरेल असे दिसते.)

या आराखड्याच्या पूर्वेकडील भागात ओळीने काय मांडले आहे ते पाहावे. प्रथम संन्याशांची दफनभूमी. तीच फळबागही आहे. मधोमध क्रूस, आणि कबरींच्या रांगांमधून सफरचंद, अंजीर, बदाम, तुती, अक्रोड अशी झाडे. तिच्याशेजारी भाजीचा मळा. त्यात नऊ-नऊच्या दोन रांगांत अठरा वाफे असून प्रत्येक वाफ्यात भाजीचे नाव लिहिलेले आहे: कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू, बीट, कोबी, खसखस, सॅलडचा पाला आणि आणखी काही. नावे वाचीत गेलो तर अर्धी आपल्याच वाडीतली वाटतात. मळ्याला लागून माळ्याचे घर. त्यात लोखंडी अवजारे आणि भाजीचे बियाणे ठेवण्याची जागा दाखवली आहे. माळ्याच्या घरापलीकडे दोन गोल इमारती: एक हंसांची, एक कोंबड्यांची. त्या दोहोंच्या मध्ये राखणदारांचे घर. आणि त्याच्याही पलीकडे धान्याचे कोठार, मळणीच्या जागेसह.

हा क्रम आम्हांला प्रथम ध्यानात आला, तेव्हा आम्ही बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिलो. कोंबड्यांच्या एका अंगाला कोठार, म्हणजे सांडलेले दाणे. दुसऱ्या अंगाला मळा, म्हणजे तण, पिवळी पाने, किडे. खुराड्यातले खत मळ्यापर्यंत न्यायला काही पावलांचे अंतर. असे असूनही कोंबड्या आणि मळा एकमेकांना भिडलेले नाहीत. मध्ये माळ्याचे घर घातले आहे. आराखडा काढणाऱ्याने यामागचे कारण लिहिलेले नाही, म्हणून हा आमचा तर्क समजावा. पण ज्याने कधी मेथी पेरली आणि कधी कोंबडी पाळली, त्याला हा तर्क पटवून द्यावा लागणार नाही. माळ्याच्या घरावरून गेल्याशिवाय कोंबडीला मळ्यात जाता येऊ नये, आणि ती कधी जावी हे माळ्याने ठरवावे. पीक निघाले, वाफा रिकामा झाला, की तिला सोडावे. तिने आठवडाभर तो उकरून कीड आणि तणाचे बी टिपावे. पेरणी झाली की दार बंद. अनुभवी माणसे आजही हेच सांगतात, आणि संध्याकाळी मावळतीच्या आधी तासभर सोडलेली कोंबडी दिवसभर मोकळ्या असलेल्या कोंबडीपेक्षा कमी नासधूस करते, हेही सांगतात. अंधार पडू लागला की ती आपण होऊन खुराड्याकडे वळते.

राखणदारांच्या घराविषयी एक लहानशी गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्या घरात दोन बाजूंना दोन निजण्याच्या खोल्या आहेत: एक कोंबड्यांच्या राखणदाराची, दुसरी हंसांच्या राखणदाराची. मध्ये दोघांची मिळून एक बैठकीची खोली आहे. दोन राखणदारांनी निदान एका चुलीशी बसावे, याची आराखडा काढणाऱ्याने काळजी घेतली.

मठात कोंबड्या इतक्या का, असाही प्रश्न येतो. संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत धडधाकट संन्याशाने चतुष्पाद प्राण्याचे मांस खाऊ नये, असे सांगितले आहे. आता कोंबडीला पाय दोन. त्यामुळे ती चालते की नाही, यावर मठामठांतून वाद होत राहिला. इ.स. ८१६-८१७ च्या आखेन येथील सभांनी पक्ष्यांचे मांस नाताळ आणि ईस्टर या सणांपुरतेच मर्यादित केले. रुग्णांची गोष्ट वेगळी होती. अंडी मात्र रोजच्या जेवणात चालत, तीही उपवासकाळ सोडून. मध्ययुगात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत. कोंबडीला ते कोणी सांगितलेले नसे. वसंतात तर ती भरपूर अंडी घाली आणि चाळीस दिवसांची अंडी साठत जात. ईस्टरच्या सकाळी अंडी वाटण्याची चाल त्या साठ्यातून रूढ झाली, असे अनेक अभ्यासक मानतात.

रायखेनाऊचाच वालाफ्रिड स्ट्राबो हा कवी-मठाधिपती. त्याने आपल्या छोट्या बागेवर लॅटिन काव्य रचले आणि ते सांक्ट गालेनच्या मठाधिपतीला अर्पण केले. दारापुढच्या जागेत माजलेली खाजकुयरीसारखी बिच्छूपाने, चिचुंद्रीसारख्या प्राण्यांनी केलेली बिळे, टोपल्यांतून वाहिलेले खत, माती वाहून जाऊ नये म्हणून फळ्या लावून उंच केलेले वाफे, हे सारे त्यात आहे. माती उकरली जाऊ नये म्हणूनही फळी उपयोगी पडते. कोंबडीपासून अनुभव घेतलेला कोणीही माळी ते जाणतो. इ.स. ८४९ मध्ये ल्वार नदी ओलांडताना वालाफ्रिड बुडून मरण पावला. रायखेनाऊ बेटावर भाजीचे मळे आजही आहेत.

त्या पटाचे पुढे काय झाले, हेही ऐकण्यासारखे आहे. बाराव्या शतकात एका संन्याशाला संत मार्टिन यांचे चरित्र उतरून घ्यायचे होते. चामडे महाग. त्याने या आराखड्याची कोरी पाठ वापरली, पट घडी घालून पुस्तकासारखा केला आणि मजकूर संपेना, तेव्हा पुढच्या बाजूच्या एका कोपऱ्यातील मोठी इमारत खरवडून काढून तेथे उरलेले चरित्र लिहिले. ती इमारत कशाची होती, याविषयी अभ्यासक अजून तर्क करीत आहेत. त्या चरित्रामुळेच तो पट टिकला, नाहीतर केव्हाच फेकला गेला असता. मोठी इमारत गेली; कोंबड्यांचे खुराडे राहिले. संत गॅल यांच्या नावाने हा मठ ओळखला जातो आणि लॅटिनमध्ये ‘गाल्लुस’ म्हणजे कोंबडा, हा केवळ योगायोग. पण पोर्तुगीज भाषेत नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला कोंबड्याची मिस्सा म्हणतात, हे आमच्या वाचकांतील काही वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

वसई १५३४ ते १७३९ पोर्तुगिजांकडे होती. त्या दोन शतकांत मिरची, पपई, पेरू, अननस, सीताफळ ही पिके पश्चिम किनाऱ्यावर रुजली आणि पुढे वाडीत अशी मिसळून गेली की, ती परदेशी आहेत असे कोणाला वाटेना. कोंबडी मात्र येथे आधीपासूनच होती. वसईची वाडी मठाच्या मळ्याहून वेगळी. येथे केळी आणि पानवेल हे मुख्य पीक, भाजी आणि फुले दुय्यम. केळीच्या बुंध्याला कोंबडीचे भय नाही. उलट बागेत पडलेल्या पाल्याखालची कीड ती टिपते आणि खोडाशी गारव्याला बसते. पानवेलीचे तसे नाही. तिची मुळे वरच्या मातीत पसरतात. कोंबडीने तेथे पाय मारला की वेल सुकू लागते. म्हणून ज्याच्याकडे पानमळा, त्याच्याकडे कोंबड्या थोड्या किंवा कुंपण पक्के. आमच्याकडे पानवेल नव्हती, काकांकडे होती. त्यांचे कुंपण आमच्याहून चांगले होते, हे आज कबूल करावयास हरकत नाही. त्या दिवशी त्यांची कोंबडी आत आली ती आमच्याच मोडक्या कामटीतून.

या व्यवस्थेतली युक्ती सारी बायकांच्या हाती होती. पिलांची कोंबडी डालग्याखाली डालून ठेवायची, म्हणजे ती उकरीत भटकत नाही आणि पिले डालग्याच्या फटीतून बाहेर येऊन आसपासचे किडे टिपतात; पिलांचे पाय इतके लहान असतात की, रोपांना इजा होत नाही. उडणाऱ्या कोंबडीच्या एकाच पंखाची मोठी पिसे कातरायची. दोन्ही कातरली तर ती तोल साधून तरीही उडते. पेरलेल्या वाफ्यावर काटेरी फांद्या आंथरायच्या. खुडूक कोंबडीला रवणीला बसवताना तिची वीण पेरणीच्या दिवसांत येणार नाही, याचा हिशेब धरायचा. हे कोणी लिहून ठेवले नाही. सासूने सुनेला सांगितले आणि सुनेने वाडी विकली गेल्यावर कोणाला सांगायचे, असा प्रश्न आला.

वाडीतली कोंबडी दोनदा मोठ्या संकटात सापडली. पहिले संकट मानमोडीचे. हा रोग १९२० च्या दशकाच्या अखेरीस भारतात प्रथम राणीखेत येथे नोंदला गेला, म्हणून पशुवैद्य त्याला राणीखेत म्हणतात. तो आला की आठवड्यात आळीतली सारी खुराडी रिकामी होत. दुसरे संकट २००६ च्या फेब्रुवारीत आले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला, भारतातील ती पहिलीच घटना. तेथे पोल्ट्रीतल्या आणि परसातल्या कोंबड्या सरकारने नष्ट केल्या. वसई त्या टापूत नव्हती, तरी भयाला टापू नसतो. आमच्या आळीत अनेकांनी त्या वर्षी कोंबड्या काढल्या, त्या पुन्हा ठेवल्या नाहीत. तोवर वाड्याही आटत चालल्या होत्या. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हरित वसईसाठी झालेला लढा आणि त्यात फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी केलेले नेतृत्व वाचकांना ठाऊकच आहे. हिरवळ काही प्रमाणात वाचली. पण ज्यांनी वाडी राखली, त्यांनीही कोंबडी राखली असे झाले नाही. इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या नव्या शेजाऱ्याला पहाटेचे आरवणे सोसवत नाही, आणि त्याचेही काही चुकते असे नाही.

त्या नऊ पिलांचे सांगावयाचे राहिले. वडिलांनी दगड मारला त्या संध्याकाळी आजीने ती पिले पदरात गोळा करून आणली आणि चुलीजवळ डालग्याखाली ठेवली. रात्रभर कंदील तेवत ठेवला. सात जगली. पंधरा दिवसांनी एका दुपारी, पुरुष बाजारात गेलेले असताना, तिने ती टोपलीत घालून कुंपणावरून काकीच्या हाती दिली. काकीने त्यांतली तीन परत दिली. पुढे त्या कोंबड्या अंडी घालू लागल्या आणि सात वर्षे, दोन्ही घरांतले पुरुष एकमेकांकडे पाठ फिरवून चालत असताना, कुंपणावरून अंडी, मुळे, माठाची जुडी आणि रवणीची अंडी इकडून तिकडे जात राहिली. वडिलांना ते माहीत होते की नाही, हे आम्ही त्यांना कधी विचारले नाही. १९७५ च्या नाताळात काकांनी मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर चर्चच्या पायरीवर वडिलांना विड्याचे पान पुढे केले आणि वडिलांनी ते घेतले.

कामट्यांचे कुंपण आता नाही. त्या जागी विटांची भिंत आहे. तिच्या पलीकडे काकांच्या वाडीवर चार मजली इमारत उभी आहे. अलीकडे आमच्या वहिनीने पाच देशी कोंबड्या आणल्या आहेत. त्यांपैकी एक भिंतीवर चढून बसते, आणि पहिल्या मजल्यावरच्या बिऱ्हाडातील मुलगी खिडकीतून तिला भाजीची देठे टाकते.